ताण कोणी मोडला

माझ्या सासऱ्यांना संत्र्याचं पान कानाजवळ मोडून ऐकायची सवय होती. पानाचा आवाज ऐकून झाडाला पाणी कधी सोडायचं ते सांगायचे. शेंदूरजनाघाटापर्यंतचे बागवाले त्यांना बैलबंडीत बसवून न्यायचे. लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य होते, पण त्यांच्या कानावर लोकांचा विश्वास होता.

ज्यांनी संत्रा फक्त खाल्ला आहे त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं झाड पोटभर पाणी पिऊन फुलत नाही. मृगाचा बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात. झाड मरायला टेकलं की मग पाणी द्यायचं. पंधरा दिवसांत सगळं झाड फुलांनी पांढरं होतं. याला ताण म्हणतात. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड गेलं. आणि मधेच पाऊस आला किंवा कोणी पाट फोडला तर ताण मोडतो. मग झाड नुसती पालवी काढतं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणूनच पुढचं सगळं झालं. दुसऱ्या मुलखातली माणसं आमच्याकडं आलेल्या बुवाला हसली असती.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, एका नाल्याच्या काठावर. मी चौथी शिकून, लग्न होऊन आले तेव्हा नाल्याचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. मग राज्यं वेगळी झाली. मोजणीवाले आले आणि नाल्याकाठी चुना लावलेले दगड पुरून गेले. पलीकडं मध्यप्रदेश, अलीकडं मुंबईचं राज्य. मुंबई आमच्यात कोणी पाहिली नव्हती. पलीकडं ज्यांच्या बहिणी दिल्या होत्या ते म्हणायचे, आता साडीचोळी द्यायलाही परमुलखात जावं लागणार.

राज्यं वेगळी झाली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो बुवा नाला उतरून आला. आधी तो रोपांच्या पन्हेरीत कलमं बांधायचा म्हणे. डाव्या हाताच्या बोटांवर चाकूचे वण होते. जवळ मूर्ती नाही, पोथी नाही. चिंचेखाली बसला आणि आमच्याच बोलीत बोलायला लागला.

"राज्य फाटलं, दगड गाडले. आता धरती फाटन. देवानं जगाले ताणावर टाकलं हाय, बाप्पा. पाऊस कमी करून राहिला, तो काहून? माराले नाई. त्याले बहार धराचा हाय. मृगाले असं पाणी येईन का सातपुडा बुडन. जो पाणी पिऊन बसला तो सडन. ज्यानं ताण धरला तो फुलन. बुढा जवान होईन. मेलेलं लेकरू मायच्या मांडीवर येईन."

शेवटचं वाक्य माझ्या सासूसाठी पुरेसं होतं. तिची पाच लेकरं गेली होती, दोन उरली होती. एक माझा नवरा आणि एक थोरली नणंद. पण सासरे तसे सहज वाकणारे नव्हते. त्यांनी बुवाला एकच विचारलं, "ताण तोडाची खूण काय?"

बुवा म्हणाला, "तुमच्या झाडाची जे खूण, तेच माणसाची."

घरी येऊन सासरे म्हणाले, "माणूस खोटा असन, पण गोष्ट बरोबर हाय."

त्या एका वाक्यानं आसपासच्या पाच वाड्यांची चाळीसेक माणसं बुवाच्या मागं लागली. बुवामुळं नाही. ज्याचा कान चुकत नाही त्यानं मान हलवली म्हणून.

बुवानं नियम घातले. आधी दोन्ही जेवणांच्या वेळीच पाणी. नवतपा, म्हणजे मृगाआधीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दिवसाला एक लोटा. मृगाआधीचे शेवटचे तीन दिवस काहीच नाही. झाडांनाही तोच नियम, आमच्या बागेतल्या एकूण एक झाडाला.

माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. मला जग बुडण्याची भीती वाटली की नाही ते आज आठवत नाही. दूध आटेल, एवढीच भीती आठवते. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, लेकरू अंगावर पेते. मले तरी सोडा."

सासूनं ओसरीकडं पाहिलं. ओसरीवरून सासरे बोलले, "एका झाडाले पाणी देऊन बाकीचे ताणावर ठेवता येतात काय? मुळ्या खालून एकात एक असतात."

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबा म्हणतात ते कर." तो आयुष्यभर एवढंच म्हणत आला, बाबा होते तोवर बाबा, नंतर सरपंच.

नणंदेचा कशावर विश्वास नव्हता. तिचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला होता आणि सासरच्यांनी तिला गाडीत बसवून परत पाठवलं होतं. घरातली जनावरं तीच बघायची. तोंड कडू. बुवा बोलायला लागला की ती बैलाशी बोलायला लागायची. मी तिला विचारलं, "बाई, तुमी काहून ताण धरता?"

"बापाची भाकर खाल्ली तं बापाचा ताण बी धरा लागन. तू काय माह्यी वकील हाय?"

पंधरा दिवसांत माझं दूध कमी झालं. मुलगी ओढायची, सोडायची, रडायची, पुन्हा ओढायची. मग तिचं रडणं बारीक झालं. बकरीचं दूध द्यायचं म्हटलं तर बकऱ्या पाल्यावाचून आटल्या होत्या. नवतपा लागला तेव्हा मुलीची टाळू खाली गेली होती. बोट ठेवलं की खड्डा लागायचा. दिवसाला एका लोट्यात दोघी जगणार नाही, हे कळायला चौथी पुरे होती.

आमच्या विहिरीवर बुवाचा माणूस बसायचा. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धपुरा होता आणि त्यांची विहीर वेगळी. त्याआधी दीडएक वर्ष ते बौद्ध झाले होते आणि घरातले देव त्यांनी नाल्यात सोडले होते. बुवा तिकडं फिरकला नव्हता. आमच्यातलं कोणी त्या विहिरीवर जाईल असं कोणाच्या मनातही येणार नव्हतं. म्हणून मी तीच निवडली. मुलीची दुपटी धुवायला नाल्याच्या झिऱ्यावर जाते म्हणून सांगितलं आणि भर दुपारी खालच्या वाटेनं गेले.

विहिरीवर एक उतारवयाची बाई पोहरा ओढत होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोणाची सून व तू? इकडं काहून?"

"पाणी."

"तुमच्या इहिरीले काय झालं? हां, तुमचा तं ताण चालू हाय." ती हसली. "आमी आत्ताच तेहतीस कोट देव नाल्यात सोडले. त्याच्यावर अजून एक बुवा आमाले जडच झाला असता."

मी उभीच राहिले. काखेत मुलगी. तिनं मुलीच्या डोक्याकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं.

"भांडं आणलं काय?"

"नाई."

"मंग आमच्या भांड्यानं पेशीन? बाटशीन ना."

"बाटू द्या."

"ओंजय कर."

मी ओंजळ केली आणि तिनं वरून पाणी ओतलं. हात उंच धरून, भांड्याचा काठ माझ्या बोटांना लागू न देता. आम्ही त्यांना असंच ओतत आलो होतो. माझ्या ते ध्यानात आलं. तिनं तर ते ठरवूनच केलं होतं. मी पोट फुगेपर्यंत प्यायले. उठले तेव्हा ती म्हणाली, "उद्या येजो. पण आमच्या पोट्ट्याइले दिसू नको, ते तुले बुवाच्या पुढं नेऊन उभी करतीन. त्याइले लय मजा येईन."

मी रोज गेले, पुढं बागेत मुक्काम पडला तेव्हाही रात्री उठून. दूध आलं. पहिल्यासारखं नाही, पण मुलीच्या टाळूचा खड्डा भरून आला. ती पुन्हा मोठ्यानं रडायला लागली आणि मी लोकांसमोर तिला गप्प करू लागले. एवढ्या जोरानं रडणारं लेकरू ताण धरलेल्या घरांत दुसरं नव्हतं.

शेवटच्या तीन दिवसांसाठी सगळी माणसं आमच्या बागेत आली. झाडाखाली सावली अशी राहिलीच नव्हती, पानं विडीसारखी वळली होती. लोक खोडाला टेकून पडले होते. कोणी बोलत नव्हतं, कारण जीभ टाळूला चिकटत होती. पहिल्या दिवशी सासरे उठून एका झाडापाशी गेले. पान तोडलं, कानाजवळ मोडलं. मग दुसऱ्या झाडाचं, मग तिसऱ्या. मी जवळच होते. मला त्यांचं तोंड दिसलं. ज्या आवाजावर ते दरवर्षी "सोडा पाणी" म्हणायचे, तो आवाज येऊन गेला होता. कदाचित चार दिवसांपूर्वीच येऊन गेला होता.

नवऱ्यानं विचारलं, "बाबा, सोडू काय पाणी?"

सासऱ्यांनी बुवाकडं पाहिलं. बुवानं तीन बोटं दाखवली. सासरे परत येऊन बसले. चाळीस वर्षांचं शहाणपण त्यांनी तीन बोटांपुढं ठेवलं, आणि ठेवताना ते त्यांना कळत होतं. हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. झाडांसाठीसुद्धा नाही.

त्या दुपारी नणंद बैलांना पाणी दाखवून आली आणि माझ्यापाशी बसली. बैलांना ताण नव्हता, जनावरांना पाप लागत नाही असं बुवाचं म्हणणं होतं. तिचे ओठ फाटून रक्त सुकलं होतं. माझ्याकडं पाहत ती हळू म्हणाली, "तुह्या ओठाले पापडी नाई व."

मी पदर तोंडावर ओढला.

"सगळ्याइचे ओठ पाह्य अन् तुहे पाह्य. आंधळाही सांगन." तिनं चुलीच्या जागेवरून राख उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. "लाव ओठाले. अन् लेकराले पदराखाली घे. पचपच आवाज करून राहिली ते."

"बाई..."

"मले काही सांगू नको. मी काही पाह्यलं नाई."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतली एक म्हातारी गेली. तिसऱ्या दिवशी अजून दोन माणसं. बुवा म्हणाला, पिकलं पान गळतं. कोतवालानं ठाण्यात जाऊन सांगितलं होतं, हे नंतर कळलं. आमच्या ठाण्यानं म्हटलं, बुवा पलीकडचा, पलीकडच्या ठाण्यात सांगा. पलीकडच्यांनी म्हटलं, माणसं अलीकडं मेली.

मृग निघाला त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं साफ होतं. माणसं सातपुड्याकडं तोंड करून बसली. सूर्य कासराभर वर आला, मग दोन कासरे. ढग तर सोडाच, वाराही नव्हता. कोणीतरी रडायला लागलं, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. नुसता आवाज.

बुवा उभा राहिला. "ताण मोडला," म्हणाला. "कोणीतरी पाणी पेलं."

खोटं ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. बुवाचं जग आलं नाही हे जितकं खरं, तितकंच मी प्याले होते हे खरं. आमच्या लोकांना ताण मोडणं माहीत होतं. एका अवकाळी सरीनं आख्खी बाग वाया जाते. त्यांना ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. मला वाटलं, मीच जग बुडण्यापासून वाचवलं आणि मेलेली लेकरं माझ्यामुळंच परत आली नाहीत.

"पाण्यापाशी कोण जात होतं?" बुवानं विचारलं.

सगळ्यांची तोंडं नणंदेकडं वळली. बैलांना पाणी तीच दाखवायची. शिवाय विधवा. शिवाय तोंड कडू. शिवाय तिला जायला दुसरं घर नव्हतं.

ती म्हणाली, "मी बैलाले पाजलं. मी नाई पेली."

"मंग कोण पेलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. माझ्या पदराखाली मुलगी पीत होती. तीन दिवस पाण्याचा थेंब नसलेल्या बाईला दूध कुठून आलं, हे तिथल्या कोणत्याही लेकुरवाळ्या बाईला कळायला हवं होतं. सासूला कळलं. तिनं माझ्या पदराकडं पाहिलं, मग स्वतःच्या मुलीकडं पाहिलं, आणि मग मान खाली घातली. दोघींपैकी तिनं नात ठेवली. मीही तेच केलं. बोलले असते तर मला त्याच दिवशी मुलीसकट हाकललं असतं, आणि जूनच्या उन्हात मी तिला घेऊन कुठं जाणार होते? माहेरी बाप नव्हता, भावजय होती.

सासरे उठले. त्यांना उभं राहायला झाडाचा आधार घ्यावा लागला. "तुनं ताण मोडला," ते पोटच्या मुलीला म्हणाले. "जाय."

"कुठं जाऊ, बाबा?"

"जिथं पाणी असन तिथं जाय."

ती उठली. पदर झटकला. जाताना बैलांपाशी थांबली आणि दाव्याची गाठ नीट केली, ती सैल होती. मग नाल्याच्या बाजूनं नाही, परतवाड्याच्या रस्त्यानं गेली. तिला कोणी भाकर बांधून दिली नाही. मीही नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर माणसं विहिरीवर धावली. तुडवातुडवी झाली. आता मला वाटतं, त्या चाळिसांतली निम्मी तरी आधीपासून चोरून पीत असतील. नाहीतर तीनच माणसं कशी मेली असती? पण त्या दिवशी प्रत्येकाला वाटत होतं की पापी एकच आहे आणि ती निघून गेली. बुवा त्याच दुपारी नाला ओलांडून गेला. त्याचं पुढं काय झालं ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बागेला सासऱ्यांनी संध्याकाळपर्यंत पाणी सोडलं. काही झाडांना पालवी फुटली आणि महिन्याभरात तीही वाळली. खोडांची साल सुटली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ती सगळी झाडं तोडून चुलीत घातली. संत्र्याचं लाकूड चांगलं जळतं.

मुलगी वाचली. सप्टेंबरात ती भिंत धरून उभी राहिली. दिवाळीनंतर चालायला लागली. मग थंडीत गोवर आला, आमच्या गल्लीतच तिघांना आला. चौथ्या दिवशी तिच्या छातीत घरघर सुरू झाली आणि सहाव्या दिवशी ती गेली. दूध होतं, पाणी होतं, वरूडच्या डॉक्टरची बाटलीही होती.

त्यानंतर माझ्यापाशी लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिच्यासाठी गप्प बसले तीच राहिली नव्हती. मी सासऱ्यांपुढं उभं राहून सांगू शकले असते, तुमच्या मुलीनं नाही, मी प्याले, तिला परत आणा. मी रोज ठरवायचे. सकाळी चूल पेटवताना ठरवायचे आणि भाकरी होईपर्यंत राहून जायचं. मग मला पुन्हा दिवस गेले, मुलगा झाला. सांगायची वेळ निघून गेली. सासू मेली तेव्हाही आम्ही दोघी त्यावर बोललो नव्हतो. सासरे तिच्याआधी गेले. शेवटपर्यंत ते म्हणायचे, पोरीनं घात केला.

आठ-नऊ वर्षांनी मावसभावाच्या मयतीला मी परतवाड्याला गेले होते. परतताना बसची वाट पाहत उभी होते. लाकडाच्या डेपोकडून एक बाई डोक्यावर सालपटांचा भारा घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. केस पांढरे झाले होते. आवाज तोच होता.

"काय व, जाडी झाली लय. भाऊ खाऊ घालते वाटते."

मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "राहू दे, भारा पडन." मग विचारलं, "बाबा?"

"गेले. आत्याबाई बी गेल्या."

तिनं मान हलवली. डेपोतल्या साली गोळा करून विकते, एका म्हातारीच्या ओसरीवर राहते, असं तिनं सांगितलं. विचारलं नव्हतं तरी. मी आता बोलेन, आता बोलेन असं करत होते. तेवढ्यात तिनं विचारलं, "पोट्टी केवढी झाली?"

मी म्हटलं, "तिसरीत हाय."

तोंडातून तेच निघालं.

"तिसरीत!" ती हसली. तिचे पुढचे दात गेले होते. "डोस्कं कोणाचं घेतलं? तुहं असन तं चौथीत थांबन."

"हुशार हाय."

"असलीच पाह्यजे. ते पेली बी तशीच होती. ओढून ओढून." तिनं भारा दुसऱ्या बाजूला सरकवला. "मी म्हणत होती मनात, एक तरी वाचलं असन. बरं झालं. एकडाव घेऊन ये तिले. मी काही खात नाई तिले."

"आणीन."

बस आली. कंडक्टर ओरडायला लागला. मी चढले आणि खिडकीची जागा सोडून आत बसले. ती बस निघेपर्यंत तिथंच उभी होती की गेली, मी पाहिलं नाही.

परतवाड्याला मी त्यानंतर गेले नाही. तिकडं दोन लग्नं झाली, एक मयत झाली. नवरा विचारायचा, काहून येत नाई. मी सांगायचे, मला गाडी लागते.